नॉब फिरवला की कॉम्प्युटरला काय कळतं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक रात्रभराचं. मंडपात एका कडेला साउंडवाल्याचं टेबल असतं. त्या माणसाकडे एकदा नीट पाहा, तो मिक्सरकडे क्वचितच बघतो. नजर स्टेजवर असते आणि बोटं फेडरवर, म्हणजे वर-खाली सरकवायच्या बटणांवर, टेकलेली. नटी गाणं उचलणार हे त्याला तिच्या उभं राहण्यावरूनच कळतं. ऑर्गन थोडा खाली येतो, तिचा माइक वर जातो, दोन्ही एकाच वेळी, दोन बोटांनी.

आता हाच माणूस लॅपटॉपसमोर बसवा. स्क्रीनवर तसाच मिक्सर काढलेला आहे, फेडरच्या चित्रांसकट. पण माउस एक आणि बाणही एकच. आधी बाण कुठे हरवला ते शोधायचं, मग तो ऑर्गनच्या पट्टीवर न्यायचा, दाबून धरून खाली ओढायचा, सोडायचा, मग नटीच्या पट्टीकडे जायचं. तोवर गाण्याची पहिली ओळ गेली. एक नवखा पोरगा असाच लॅपटॉपात डोकं घालून बसला होता, तर मागे उभा असलेला जुना साउंडवाला म्हणाला, "काहून बे, त्याच्यात काय पाहून राहिला? नाटक तिकडं सुरू आहे ना!"

या अडचणीवर उपाय म्हणून सॉफ्टवेअरलाही खरे नॉब (फिरवायची गोल बटणं) आणि खरे फेडर जोडतात. असा नॉब-फेडरचा डबा यूएसबीने लॅपटॉपला लागतो, बाजारात त्याला कंट्रोलर म्हणतात. गाण्याचं रेकॉर्डिंग, लग्नाच्या फोटोंचे रंग, व्हिडिओ एडिटिंग, सीएनसी मशीन, सगळीकडे तो सापडतो.

कंट्रोलर मिक्सरसारखा दिसतो, पण त्यातून आवाज जात नाही. जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये माइकमधून आलेला सिग्नल खरोखर फेडरमधल्या पट्टीवरून जातो, म्हणून फेडरमध्ये धूळ बसली की स्पीकर खरखरतो. कंट्रोलरमधून जातो तो निव्वळ आकडा. तुम्ही नॉब फिरवला की तो कॉम्प्युटरला एवढंच सांगतो: सात नंबरचा कंट्रोल, किंमत शंभर. त्या शंभरातून आवाज वाढवायचा, फोटो उजळायचा की व्हिडिओ पुढे सरकवायचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं. नॉबला यातलं काही माहीत नसतं. कंट्रोलरची सगळी सोय यातच आहे आणि सगळी कटकटही यातच.

आकडा तयार कसा होतो ते बघायचं असेल तर टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडून एखादा खराब झालेला व्हॉल्यूम कंट्रोल मागून घ्या. पुस्तकात त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. मागच्या पत्र्याचे वाकवलेले कान पेचकसाने सरळ केले की तो उघडतो. आत पूर्ण गोल न झालेली काळी पट्टी दिसेल, ती कार्बनची. तिच्या दोन टोकांना दोन पाय जोडलेले असतात. दांड्यासोबत फिरणारी धातूची छोटी जीभ त्या पट्टीवर घासत जाते, तिला जोडलेला पाय मधला. बाहेरच्या दोन पायांना 5 व्होल्ट आणि शून्य दिलं की पट्टीभर व्होल्टेज एका टोकाकडून दुसऱ्याकडे उतरत जातं. जीभ जिथे टेकली असेल तिथलं व्होल्टेज मधल्या पायावर मिळतं. बरोबर मध्यावर असेल तर अडीच. पट्टी साधारण 270 ते 300 अंशांचीच असल्यामुळे असा नॉब दोन्ही टोकांना अडतो. फेडरमध्येही हेच असतं, फक्त पट्टी सरळ.

कॉम्प्युटरला अडीच व्होल्ट कळत नाहीत, त्याला आकडा हवा. कंट्रोलरमधली मायक्रोकंट्रोलर नावाची चिप हे व्होल्टेज सतत मोजत राहते. अर्डुइनो ऊनोसारख्या छोट्या, स्वतः प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर हे मोजमाप 10 बिटांचं असतं, म्हणजे 0 ते 5 व्होल्टचे 1,024 भाग पडतात आणि एक पायरी जेमतेम 5 मिलिव्होल्टची होते. इतकं बारीक मोजायला गेलं की नॉबला कुणी हात लावला नाही तरी आकडा थरथरतो: 511, 512, 511, 512. म्हणून प्रोग्राम लिहिताना एक-दोन पायऱ्यांच्या हालचालीकडे मुद्दाम दुर्लक्ष करायला सांगतात, किंवा काही मापांची सरासरी काढतात. हे केलं नाही तर स्क्रीनवरचा स्लायडर भूत लागल्यासारखा हलत राहतो.

पुढचा प्रश्न हा आकडा कुठल्या भाषेत पाठवायचा याचा. 1980 च्या सुमारास सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्यं) बनवणाऱ्या कंपन्यांची आपापली पद्धत होती आणि एकाचं यंत्र दुसऱ्याला सहज जोडता येत नव्हतं. अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन एक सामाईक भाषा ठरवली, ती मिडी. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडून दाखवले. त्यासाठी दोघांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. नाटकाच्या पिटात किंवा धुमालच्या (वरातीच्या बँडच्या) गाडीवर जुना कीबोर्ड किंवा ऑक्टापॅड दिसला तर मागच्या बाजूला वाकून बघा, पाच छिद्रांचं गोल सॉकेट बहुधा असेल. ते मिडीचं.

नॉब हलला की मिडीमध्ये तीन आकडे जातात. उदाहरणार्थ 176, 7, 100. पहिला सांगतो की पहिल्या चॅनेलवरचा कुठलातरी कंट्रोल हलला. दुसरा सांगतो कुठला. 7 हा रिवाजाने व्हॉल्यूमचा, 10 हा आवाज डावीकडे-उजवीकडे नेण्याचा. तिसरा सांगतो किती. मूळ तारेवरून सेकंदाला 31,250 बिट जातात, त्यामुळे हे तिन्ही आकडे पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतं. हाताला हा उशीर जाणवत नाही.

मिडीतला खरा कंजूषपणा तिसऱ्या आकड्यात आहे. तो 0 ते 127 एवढाच असतो. चिपने 1,024 भाग मोजलेले, पण पाठवताना त्याचे 128 करावे लागतात. (मघाची थरथर यात बरीचशी झाकली जाते, हा फुकटचा फायदा.) व्हॉल्यूमला 128 पायऱ्या पुरतात. पण एखादा सूर हळूहळू उघडत न्यायचा असेल किंवा फोटोचा रंग केसाएवढा सरकवायचा असेल तर पायरी जाणवते. दोन संदेश जोडून 16,384 पायऱ्या करायची सोय मिडीत पूर्वीपासून आहे, फक्त स्वस्त कंट्रोलर ती वापरत नाहीत. 2020 मध्ये आलेल्या मिडी 2.0 ने हा आकडा 32 बिटांचा केला, म्हणजे पायऱ्या जवळपास 429 कोटी. एवढ्या कुणाच्या बोटांना कळणार हा प्रश्न वेगळा.

कुठला नॉब काय करेल हे सॉफ्टवेअरला शिकवणं मात्र सोपं आहे. संगीताच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये स्लायडरवर राइट क्लिक केलं की 'मिडी लर्न' असा पर्याय येतो. तो निवडायचा, हवा तो नॉब थोडा फिरवायचा, झाली जोडी.

आता कटकट. ट्रॅक्टर चालवणारा मागे वळून अवजाराकडे बघत असतो आणि त्याचा हात हायड्रॉलिकच्या लिव्हरवर असतो. पोझिशन कंट्रोलचा लिव्हर जिथे असेल तेवढंच अवजार वर किंवा खाली, त्यामुळे लिव्हरकडे बघायची गरजच पडत नाही. कंट्रोलरच्या नॉबचं आणि सॉफ्टवेअरमधल्या किमतीचं असं नातं बांधलेलं नसतं. समजा हळदीचे फोटो सुधारताय. मंडपात हॅलोजनचा उजेड, अंगभर हळद, इतकं पिवळं बघून कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने (रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीने) फोटो निळसर करून ठेवलाय. तुम्ही रंगाच्या तापमानाचा (निळा-पिवळा कमी-जास्त करणारा) नॉब बराच उजवीकडे नेऊन नवरीच्या चेहऱ्याचा रंग जागेवर आणला. मग पुढचा फोटो उघडला. त्याची किंमत सॉफ्टवेअरमध्ये अजून मधोमध आहे, पण तुमचा नॉब उजवीकडेच राहिलाय. आता त्याला जरासा स्पर्श केला की नॉब आपला जुना आकडा पाठवतो आणि फोटो एकदम पिवळाधम्मक होतो. फोटोत हे चालून जाईल. आवाजात असं झालं तर स्पीकर फाटतो आणि पहिल्या रांगेतली लेकरं दचकून उठतात.

यावर सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेली एक युक्ती अशी की नॉब सॉफ्टवेअरमधल्या किमतीला गाठेपर्यंत त्याचं ऐकायचंच नाही. तुम्ही फिरवत राहा, काही होणार नाही. खरी जागा ओलांडली की मग तो लागू होतो. याला पिकअप म्हणतात. सुरक्षित आहे, पण 'नॉब बिघडला वाटते' अशी तक्रार करणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या सेटिंगमध्ये पिकअपच चालू सापडेल. दुसरा उपाय महागाचा: फेडरला मोटर लावायची. सॉफ्टवेअरने किंमत बदलली की फेडर आपोआप सरकून त्या जागी जातो. मोठ्या स्टुडिओत आणि डिजिटल मिक्सरवर हे बघायला मिळतं. पहिल्यांदा बघणारा चार पावलं मागे सरकतो, कारण बटणं कुणी हात न लावता हलतात.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्याने प्रश्नच काढून टाकला. तो म्हणजे न अडणारा नॉब, रोटरी एन्कोडर. हा कितीही फिरवा, टोक येत नाही. त्याच्यात कार्बनची पट्टी नसते आणि तो 'मी कुठे आहे' असं कधी सांगत नाही. 'एक पाऊल उजवीकडे' किंवा 'एक पाऊल डावीकडे' इतकंच सांगतो. म्हणजे किंमत लक्षात ठेवायचं काम पूर्ण सॉफ्टवेअरचं. फोटो बदलला, गाणं बदललं, काही बिघडत नाही. जिथे किंमत असेल तिथून एक पाऊल पुढे.

दिशा कशी कळते ते बघण्यासारखं आहे. एन्कोडरच्या आत दोन संपर्क असतात, अ आणि ब. दांडा फिरताना दोन्ही चालू-बंद होत राहतात, पण बरोबर एकत्र नाही. एक दुसऱ्याच्या किंचित आधी. उजवीकडे फिरवताना अ आधी बदलतो, ब मागून येतो: 00, 10, 11, 01, परत 00. डावीकडे फिरवला की हीच मालिका उलटी. कुठल्याही क्षणी दोघांपैकी एकच बदलतो, त्यामुळे चिपला गोंधळायला जागा राहत नाही. फिरवताना बोटाला जी टिकटिक लागते ती आतल्या स्प्रिंगची. साध्या एन्कोडरला एका फेरीत 20 किंवा 24 टिक असतात. स्वस्त एन्कोडरचा एकच त्रास: धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिप एकाच्या जागी तीन पावलं मोजते, कधी उलटंही. प्रोग्राममध्ये थोडी वाट बघायची सूचना घातली की हे सुटतं.

एन्कोडर उघडपणे कंट्रोलर म्हणून नसला तरी तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. माउसचं मधलं चाक हा एन्कोडरच. काही कीबोर्डवर कोपऱ्यात आवाजाचं गोल बटण असतं, तेही. ते मिडी बोलत नाही. ते कॉम्प्युटरला सांगतं की मी कीबोर्ड आहे आणि कुणीतरी 'आवाज वाढवा' ही कळ दाबली. विंडोजमध्ये अशा एका टिकला आवाज 2 ने वाढतो. या मार्गाचा फायदा असा की वेगळा ड्रायव्हर (जोडणीचं सॉफ्टवेअर) लागत नाही आणि ज्या सॉफ्टवेअरला मिडी म्हणजे काय हे माहीत नाही, तेही शॉर्टकटच्या कळा ओळखतंच.

हे सगळं नवीन आहे अशी समजूत असेल तर ती उलटी आहे. कॉम्प्युटरवर चित्र काढायची पहिली मोठी व्यवस्था, इव्हान सदरलँड यांचं 1963 मधलं स्केचपॅड, तिच्यात चित्र मोठं-लहान करायला आणि सरकवायला पडद्याखाली नॉबच होते. डग्लस एन्गेलबार्ट यांनी 1968 मध्ये जगाला माउस दाखवला. त्यांच्या पहिल्या लाकडी माउसच्या पोटात काटकोनात बसवलेली दोन चाकं होती आणि प्रत्येक चाकाला जोडलेला एक पोटेन्शिओमीटर. म्हणजे टेबलावर घासत फिरवायचे दोन नॉब. पुढे माउस इतका गाजला की त्याचं मूळच विसरलं गेलं. 1992 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डरेल बिशप यांनी एक फोनचं यंत्र कल्पिलं. कुणी निरोप ठेवला की त्यातून एक गोटी बाहेर येते, गोटी उचलून खाचेत ठेवली की निरोप ऐकू येतो. किती निरोप आले हे गोट्या मोजून कळतं, ज्याचा निरोप त्याच्या हातात गोटी देता येते. स्क्रीन नाहीच. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी माहितीला हातात धरता येईल असं रूप द्यायचं, या कल्पनेवर शोधनिबंध लिहिला आणि विषयाला विद्यापीठांत जागा मिळाली.

मग टचस्क्रीन आला आणि नॉब जुनाट ठरला. टचस्क्रीनचा एक दोष मात्र कुठल्याही नव्या मॉडेलने गेलेला नाही: त्यावर बोट टेकवून ठेवता येत नाही. टेकलं की आज्ञा गेली. फेडरवर बोट तासभर ठेवा, हलवेपर्यंत काही होत नाही, आणि बोटाला जागा माहीत असल्याने डोळा मोकळा राहतो. 2022 मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने ताशी 110 किलोमीटर वेगाने गाड्या चालवून एसी, रेडिओ वगैरे चार ठरलेली कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. 2005 ची बटणांची जुनी वॉल्व्हो व्ही70 सगळ्यात पुढे, 10 सेकंद. सगळ्यात मागे राहिलेल्या टचस्क्रीनच्या नव्या गाडीला जवळपास 45 सेकंद, म्हणजे किलोमीटरभराहून जास्त रस्ता. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका आणि एक तेलवाहू जहाज यांची सिंगापूरजवळ टक्कर होऊन 10 नौसैनिक मेले. चौकशीत सुकाणू आणि वेगाच्या टचस्क्रीनमुळे झालेला गोंधळही एक कारण निघाला आणि 2019 मध्ये नौदलाने हाताने ढकलायचे थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या यूरो एनकॅपने 2026 पासूनच्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा कामांना खऱ्या बटणांसाठी गुण ठेवलेत.

स्वतः एखादा कंट्रोलर बनवून बघायचा असेल तर ते गावात बसूनही जमतं. सामान नागपूरला सीताबर्डीवर किंवा ऑनलाइन मिळतं. बोर्ड घेताना एक काळजी घ्या. दुकानदार अर्डुइनो ऊनो पुढे करेल, पण नेहमीच्या ऊनो आर3 च्या मुख्य चिपला स्वतःचं यूएसबी नसतं, त्यामुळे तो कॉम्प्युटरला 'मी मिडी आहे' किंवा 'मी कीबोर्ड आहे' असं सरळ सांगू शकत नाही. प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो मागा, त्यात 32यू4 चिप असते, ती सांगू शकते. रास्पबेरी पाय पिकोही चालतो, पण त्याच्यावर कंट्रोलला 5 नाही, 3.3 व्होल्टच द्यायचे, नाहीतर चिप जळेल.

कंट्रोल 10 किलोओहमचा घ्या आणि त्यावर बी10के असं छापलंय का ते वाचा. बी म्हणजे आकडा सारख्या चालीने वाढतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेला व्हॉल्यूम कंट्रोल बहुधा ए असतो, कानाच्या हिशोबाने वळवलेला. तो लावला तर अर्ध्याहून जास्त फेरी आकडा रेंगाळतो आणि शेवटी एकदम धावतो. बाहेरचे दोन पाय पॉवरला आणि ग्राउंडला, मधला बोर्डावर ए0 लिहिलेल्या पायाला. जोडल्यावर बोर्डाचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही, असं झालं तर सोल्डरिंग उखडण्याआधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक केबलमध्ये फक्त करंटच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच.

आपल्याकडे या वस्तूंचे दोन वैरी, धूळ आणि एप्रिल-मेचं ऊन. फेडरची फट वरून उघडी असते, त्यामुळे तो गोल नॉबच्या आधी जातो. आकडा एका जागी उड्या मारायला लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून फेडर दहा-वीस वेळा मागे-पुढे करावा. तेवढ्याने बहुतेक वेळा सुधारतो. मशीनचं तेल अजिबात घालू नये, त्याला धूळ चिकटते. मऊ रबराचा थर दिलेले नॉब दोन-तीन उन्हाळ्यांत चिकट होतात, साध्या कडक प्लास्टिकचे घेतलेले बरे.

आणि घेण्याआधी आपलं काम कसलं आहे ते बघा. हळूहळू कमी-जास्त करायचं काम असेल, म्हणजे आवाज, उजेड, रंग, वेग, तर नॉबला पर्याय नाही. लग्नसराईत हजारो फोटो एकामागून एक सुधारणाऱ्या स्टुडिओवाल्याचे पैसे एका हंगामात वसूल होतात, आणि त्याने एन्कोडरचाच कंट्रोलर बघावा. पण ज्याला नुसते रील कापायचेत, क्लिप जोडायच्यात, नावं टाकायचीत, त्याने कीबोर्डचे दहा-बारा शॉर्टकट पाठ करावेत. ते फुकट आहेत.